अंग न झाडणारा बोकड

मटण खायचं तर नीट खावं, नाहीतर ताटावरून उठावं. लग्नाकार्यात एखादी बाई 'अगंबाई, कापतानाचं मला नाही बघवत' म्हणत नाकाला पदर लावते आणि मग हळूच वाटी पुढे करून वरचा रस्सा मागते, तेव्हा माझं डोकं फिरतं. मी तिच्या शेजारून उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसते. माझा हा तऱ्हेवाईकपणा घरात सगळ्यांना ठाऊक आहे, सुना मागून हसतातही. तो आला कुठून ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलं नाही. ज्या बाईकडून तो आला ती माझी आत्या. ती आता नाही, आणि जिला वाईट वाटलं असतं ती माझी मायही नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आमचं गाव दुसरबीडच्या अलीकडे, सडकेपासून आत. महाराष्ट्र नवाच झाला होता, पण आमच्या घरी त्याचं काही फार कौतुक नव्हतं. बाबा आपले 'वऱ्हाडात यंदा कापूस बरा हाय' असंच म्हणायचे. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी. घरात बाबा, माय, मी आणि आत्या. आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन बरीच वर्षं मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी तिला एका संक्रांतीला माहेरी आणून सोडली आणि पुन्हा न्यायला कुणी आलं नाही. बाबांनी तिला एक शब्द विचारला नाही. मागच्या अंगणातली पडवी तिला दिली आणि बकऱ्या तिच्या हवाली केल्या.

माझ्या आधी मायची दोन लेकरं गेली होती. दोन्ही पाळण्यातच. दोन्ही आत्या घरी आल्यानंतर. आता यात आत्याचा काय संबंध? पण गावातल्या बायांना संबंध लावायला काय लागतं हो! मूल नसलेल्या बाईनं लेकराला मांडीवर घेतलं, तिची नजर भरली, लेकरू सुकलं. पाणवठ्यावर असं कुजबुजत. मायला ते पटत नव्हतं. माय चांगली बाई होती, हे मी पहिल्यांदाच सांगून ठेवते. पण दोन लेकरं मातीत घातलेल्या बाईला न पटलेली गोष्टही रात्री झोपू देत नाही.

मग मी झाले, आणि वर्षाच्या आत मलाही हगवण लागली. डोळे पांढरे केले म्हणतात. मायनं गावाबाहेरच्या मरीमायसमोर पदर पसरला. माझी पोरगी जगू दे, पाच वर्षांची होऊ दे, तोवर तिच्या केसाला कात्री लावणार नाही, आणि जावळ काढायच्या दिवशी तुला बोकड देईन. मी जगले. माझे केस वाढत गेले, त्यांच्या जटा झाल्या, त्यांत उवा झाल्या. त्या उवा रोज दुपारी आत्या काढायची. मायला ते आवडायचं का नाही, मला माहीत नाही. ती सुपात धान्य पाखडता पाखडता आमच्याकडे पाहत असायची.

आत्याच्या बकऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण आजकाल मटण दुकानातून येतं एवढंच लोकांना माहीत असतं. आत्याच्या बकऱ्या वर्षातून दोनदा व्यायच्या. पाट, म्हणजे मादी झाली तर ती घरात राहायची, मोठी होऊन दूध द्यायची. बोकड झाला तर त्याचं नशीब त्याच दिवशी ठरलेलं असायचं. तो जरा मोठा झाला की एक फिरता माणूस येऊन त्याला खच्ची करायचा, म्हणजे अंगावर मांस चढतं आणि वास येत नाही. मग बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, तुरीचं कुटार. साखरखेर्ड्याच्या बाजाराला न्यायच्या आदल्या दिवशी आत्या त्याला मूठभर सरकी जास्त घालायची. बाजारात खाटीक यायचा, पाठीचा कणा चाचपायचा, मागचे पाय धरून उचलून पाहायचा, आणि बोकड जायचा. आत्या बाजारात जायची नाही. पण ती काही जनावरांसाठी रडत बसणारी बाई नव्हती. संध्याकाळी बाबा बाजारातून आले की ती सुटं दावं त्यांच्या हातून घ्यायची आणि दुसऱ्या पिल्लाच्या गळ्यात बांधायची.

"आत्या, तो कुठी गेला?" मी विचारायची.

"लोकाईच्या पोटात," ती म्हणायची. "तू दूध पेते ना? त्याच्याच मायचं दूध. त्याले कमी पाजलं, तुले जास्त पाजलं. आता चूप बस."

असं ती लहान पोरीला तोंडावर सांगायची. मला त्याची भीती वाटली नाही. खरं सांगितलेल्याची भीती वाटतच नाही मला, आजही.

मी तीनेक वर्षांची असताना तिच्या काळ्या बकरीला एक बोकड झाला. सगळा काळा, कपाळावर पांढरा टिळा. मायनं पाहिलं आणि तिथंच म्हटलं, "बाई, हा मरीमायचा."

झालं. देवाचा म्हटल्यावर त्याचे कायदे वेगळे. त्याला खच्ची करायचं नाही, त्याचा कान फाडायचा नाही, शिंगाला धक्का लागता कामा नये, त्याला काठी मारायची नाही, विकायचा तर नाहीच. अंगानं अखंड असलेलाच बोकड देवीला चालतो. आणि ते सांभाळायची जबाबदारी कुणाची? आत्याची. तो लंगडला, तर नवस बिघडणार. नवस बिघडला, तर मी. हे कुणी बोललं नाही, पण आत्याला न समजण्याइतकी ती भोळी नव्हती. कुत्री येतील म्हणून तिनं त्याला बाहेर बांधलाच नाही, पडवीत आपल्या बाजेच्या पायाशी बांधला. त्याला नाव ठेवलं नाही. 'बापा' म्हणायची. आमच्याकडे लाडानं कुणालाही 'बापा' म्हणतात, मलाही ती तेच म्हणायची. त्यामुळे तिनं हाक मारली की कधी कधी आम्ही दोघंही धावत जायचो.

आता खच्ची न केलेला बोकड वयात आला की काय होतं, ते ज्यानं वास घेतला आहे त्यालाच कळेल. स्वतःच्याच दाढीवर, पायांवर मुततो मेला. वास असा, की पडवीतून चुलीपर्यंत यायचा. माय एक दिवस वैतागली.

"बाई, याले धूत जा बरं रोज. भाकरीले वास येऊन राह्यला माय!"

आत्या म्हणाली, "धुतो वैनी."

आमच्याकडे बोकड कुणी रोज धूत नाही. पण आत्यानं एकदा 'धुतो' म्हटलं की ती धुणारच. विहिरीवरून दोन घागरी आणायची आणि अंगणातल्या दगडावर त्याला उभा करायची. पहिले काही दिवस त्यानं धिंगाणा घातला. बोकडाला पाण्याचा भारी तिटकारा. अंगावर चार थेंब पडले की सगळं अंग असं झाडतो, की धुणाऱ्याचं लुगडं भिजून चिंब. आत्याकडे लुगडी दोनच. तेव्हा तिनं त्याला शिकवलं. पाणी पडत असताना तो हलला की ती त्याचं कपाळ तळव्यानं दाबून धरायची, "थांब, थांब" म्हणायची. धुणं झालं की मला बखोटीला धरून मागं सरायची आणि म्हणायची, "हां, झाड बापा!" मग त्यानं झाडावं. मग शेंगांची मूठ.

काही दिवसांतच तो असा शहाणा झाला की विचारू नका. घागर ओतली तरी दगडावर पुतळ्यासारखा उभा. पोटाखालून पाणी निथळतंय, कान पडलेत, आणि पिवळे डोळे आत्याकडे. ती मुद्दाम उशीर करायची. मी टाळ्या पिटून ओरडायची, "म्हण ना आत्या, म्हण!" ती म्हणायची, "झाड बापा!" आणि तो शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळा थरथरून पाणी उडवायचा. मी हसून हसून लोळायची. आत्याही हसायची. तिचा हसरा चेहरा आठवायचा म्हटलं तर मला ती दगडाजवळची वेळच आठवते, दुसरी कुठली नाही.

नवसाची रीत ठाऊक असेल तर तुम्हाला पुढचं कळलंच असेल. तिला मात्र तेव्हा कळलं नाही. मायला नाही, बाबांना नाही. घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही, की देवीच्या बोकडाला आपण काय शिकवून ठेवतोय.

चैत्रात मला पाच वर्षं पूर्ण झाली. सकाळीच न्हाव्यानं माझे केस काढले. चकचकीत डोकं घेऊन मी गाडीत बसले, गळ्यात फुलांची माळ. बोकडाच्या गळ्यातही तसलीच माळ. मरीमायचं ठिकाण म्हणजे नाल्याच्या काठी लिंबाखाली शेंदूर फासलेले दगड. भाऊबंद, शेजारीपाजारी जमले होते. चुली मांडल्या होत्या, मसाला वाटून तयार, बायांनी घरून ज्वारीच्या भाकरींची चवड आणलेली. नवसाचं मटण तिथंच रांधायचं, तिथंच संपवायचं, घरी तुकडा न्यायचा नाही, अशी रीत.

आणि दुसरी रीत ही, की कापायच्या आधी बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं म्हणजे देवीनं त्याला घेतलं. नाही झाडलं, तर घेतलं नाही. गावचे मुलाणी चाचा सुरी घेऊन बाजूला उभे होते. गावातल्या सगळ्यांचेच बोकड तेच कापायचे. बोकडानं झाडल्याशिवाय ते सुरी उचलत नसत.

देवीच्या भगतानं तांब्यातून पाणी शिंपडलं.

बोकड उभा राहिला.

भगतानं पुन्हा शिंपडलं. पाठ, मान, कपाळ. बोकड उभा. कुणी म्हणालं, पाणी कमी पडलं. अख्खा तांब्या ओतला. चैत्रातलं ऊन, अंगावर गार पाणी, कानांवरून थेंब गळतायत, आणि तो शहाणा दगडासारखा उभा. गर्दीतून मान वळवून कुणाला तरी शोधत होता. आत्या सगळ्यांच्या मागं, भाकरींच्या टोपल्याजवळ उभी होती. ती दिसल्यावर त्याची मान तिथंच थांबली.

मला गंमत वाटली! खरंच सांगते. मला वाटलं, आत्या नेहमीसारखा उशीर करतेय. मी तिच्याकडे पाहून हसले. ती हसली नाही.

"कानात फुका त्याच्या, झाडंन," एक जण म्हणाला.

मुलाणी चाचांनी मान हलवली. "नाही भाऊ. जनावरानं आपल्या मनानं झाडलं पाह्यजे. जबरदस्तीचं काम नाही हे."

घागर आणली, ओतली. त्याच्या पायाशी चिखल झाला. भगत हळू आवाजात म्हणाला, "माय घेऊन नाही राह्यली. कोनाच्या तरी मनात अढी हाय."

मायच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. तिनं मला असं कवटाळलं, की माझ्या गळ्यातली माळ तुटली. देवी बोकड घेत नाही, म्हणजे देवी पोरगी घेणार. तिच्या डोक्यात दुसरं काय येणार होतं? दोन पाळणे तिनं रिकामे पाहिले होते. आणि मग, अगदी हळू, तिनं मान वळवून आत्याकडे पाहिलं. मायनं पाहिलं म्हणून बाकीच्या बायांनी पाहिलं. बायांनी पाहिलं म्हणून बाप्यांनी. एक बाबा तेवढे खाली मान घालून उभे राहिले.

इतकी वर्षं ती नजर आमच्या घरात लपून होती. त्या दिवशी उघड झाली.

आत्या काय विचार करत होती ते तेव्हा मला कळलं नाही. तिला गप्प बसता आलं असतं. 'देवीनं घेतला नाही' म्हणून बोकड परत घरी आला असता, सोडून दिला असता, गावात फिरला असता. असे नाकारलेले बोकड म्हातारे होऊन मरतात. एक शब्द न बोलण्याचं काम होतं. शब्द तर तिच्या एकटीच्या तोंडात होता.

ती टोपल्याजवळून निघाली. लोकांनी वाट दिली. ती बोकडाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, त्याच्या कपाळावरचं पाणी तळव्यानं निपटलं. मी मायच्या कडेवरून पाहत होते. तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग अगदी हळू, मला आणि त्यालाच ऐकू जाईल एवढं म्हणाली,

"झाड बापा."

त्यानं शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. रोज ती मागं सरायची. त्या दिवशी सरली नाही. सगळं पाणी तिच्या तोंडावर, लुगड्यावर उडालं. लोकांनी मरीमायचा उदोउदो केला, हलगी वाजायला लागली, आणि बोकड तोंड वर करून तिच्या मुठी हुंगत होता. शेंगा शोधत होता. तिच्या मुठीत काही नव्हतं. मुलाणी चाचा पुढं आले, तशी ती मायजवळ आली, मला आपल्याकडे घेतलं आणि माझं तोंड आपल्या ओल्या खांद्यात दाबलं. मी काही पाहिलं नाही. हलगीचा आवाज तेवढा ऐकला.

आणि ऐका, लोक काय म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलं आहे. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "पाह्य, हिच्याच मनात अढी होती. सोडली, अन् लगेच झाडलं." आग लागो त्या तोंडांना! साठ वर्षं झाली, मला अजून त्या म्हातारीचा राग येतो. आत्यानं ऐकलं असणार, ती शेजारीच होती. तिनं भाकरींवरचं फडकं नीट केलं.

माय मात्र तिच्या पाया पडायला वाकली. नणंद धाकटी, तरी वाकली. रडत म्हणाली, "बाई, तुमी देल्लं. माहं लेकरू तुमी देल्लं." आत्यानं तिला धरून उठवलं. मायचं मन त्या दिवशी निवळलं ते कायमचं. त्यानंतर मला कितीदा ताप आला, गोवर आला, पण मायनं कधी आत्याकडे तसं पाहिलं नाही. उलट स्वतःच मला तिच्या मांडीवर टाकायची.

जेवणं झाली. पत्रावळीवर भाकर कुस्करून वर लालभडक रस्सा. माय स्वतः आत्याची पत्रावळ घेऊन आली, चांगले चांगले तुकडे वेचून वाढलेली. नवसाचा प्रसाद, तोही जिनं बोकड सांभाळला तिचा. तिनं न खाणं म्हणजे नवसाला गालबोट लावणं. सगळ्या बाया पाहत होत्या. आत्या बसली. पहिला घास तिनं माझ्या तोंडात घातला. मग स्वतः खाल्लं. भराभर नाही, रडत नाही, नीट चावून, हाडं चोखून, पत्रावळ पुसून खाल्लं. मायनं विचारलं, "बरं झालं का बाई?" तर म्हणाली, "मीठ अंमळ कमी हाय. बाकी बेस."

आणि मीही पोटभर खाल्लं. तितकं चांगलं मटण मी पुन्हा कधी खाल्लं नाही. याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं, आणि ते खोटं सांगण्यात अर्थ नाही.

बकऱ्या आत्यानं पुढेही पाळल्या. बोकड बाजारात जात राहिले, सुटी दावी परत येत राहिली. धुतला मात्र एकही नाही. अंगणातला तो दगड तिनं बाबांना सांगून गोठ्याच्या पायरीला लावून टाकला.

माझं लग्न झालं, मी मेहकरकडे नांदायला गेले. माय वारली, बाबा वारले. आत्या म्हातारी झाली, डोळ्यांना दिसेना, तेव्हा मी तिला माझ्याकडे आणली. हिवाळ्यातल्या एका सकाळी अंगणात तिला ऊन दाखवायला बसवली होती, तिचे केस मी विंचरत होते. कधीतरी विचारायचंच होतं, म्हणून विचारलं.

"आत्या, तू त्या दिवशी बोललीच नसती तं?"

कोणता दिवस, हे तिनं विचारलं नाही.

"नसती बोलली तं तो वाचला असता," ती म्हणाली. "अन् तुले शिंक आली तरी तुही माय माह्याकडे पाह्यली असती. जलमभर. तिचा काय दोष वं? तिले तू एकच होती." मग म्हणाली, "मलेबी."

मी फणी फिरवत राहिले. मला वाटलं, बोलणं संपलं. तिचे न दिसणारे डोळे अंगणात कुठंतरी लागले होते.

"त्याचं मराचं मले काई नाई," ती म्हणाली. "बोकड कापाचाच असते. पन लय येळ लावला वं मी. पानी निथळून राह्यलं होतं, अन् तो उभाच. माह्याकडे पाहून राह्यला होता." तिनं माझा फणीचा हात धरला. "त्याले वाटलं असंन, मी इसरली."